नवा गडी, जुनं राज्य

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



अंगणात डाव रंगलेला असताना कुणी उशिरा आलं, तर त्याला खेळात घेताना ‘नवा गडी, नवं राज्य’ असं म्हणायची आपल्याकडे पद्धत होती. तो आला की राज्य पुन्हा नव्यानं ठरायचं. उशिरा येणाऱ्याची त्यात आपोआप सोय व्हायची. आज मी ज्या खेळांबद्दल बोलणार आहे, तिथं ही सोय नाही. तिथं डाव मोडतच नाही. वीस-पंचवीस वर्षं तो अखंड चालू आहे. तुम्ही रात्री झोपता तेव्हाही चालू असतो, आणि सकाळी उठता तेव्हा तुमच्या पुढं असलेले लोक आणखी थोडे पुढं गेलेले असतात. अशा खेळात आज, इतक्या उशिरा, नव्यानं उतरावं का? प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. कारण त्यात पैसे थोडे जातात, पण वेळ पुष्कळ जातो.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणकावर किंवा फोनवर एक जग उघडतं. त्यात गावं असतात, जंगलं असतात, खाणी, बाजारपेठा, राक्षस, सगळं असतं. तुम्ही त्या जगातलं एक पात्र होता, त्याला नाव देता, आणि ते पात्र हळूहळू कामं शिकत जातं. लाकूड तोडणं, मासे पकडणं, तलवार चालवणं, मंत्र टाकणं. गंमत अशी, की शेजारून चाललेलं दुसरं पात्र म्हणजेही कुणीतरी खराखुरा माणूस असतो. तो पोलंडमध्ये बसलेला असेल, किंवा पनवेलमध्ये.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी असा पहिला खेळ तयार केला, तोही चित्रांशिवाय. नुसती अक्षरं. ‘तुम्ही एका अरुंद रस्त्यावर उभे आहात’ अशा धर्तीचं वर्णन पडद्यावर यायचं आणि तुम्ही ‘उत्तरेला जा’ असं टाइप करायचं. पुढं चित्रं आली आणि इंटरनेट घराघरात गेलं. १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’, २००१ मध्ये ‘रूनस्केप’, २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. हे चारही खेळ आजही चालू आहेत. संगणकाच्या जगात पाच वर्षांत वस्तू भंगारात जाते, तिथं हे आश्चर्यच म्हणायचं.

चित्रपट जुना झाला म्हणून काही बिघडत नाही. पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकानं जो पाहिला, तोच तुम्ही आज पाहता. पुस्तकाचंही तसंच. बुद्धिबळ तर दीड हजार वर्षांचं आहे, पण पट दर वेळी नव्यानं मांडला जातो, म्हणून कालच्या नवशिक्याचंही काही अडत नाही. या ऑनलाइन खेळांत मात्र निम्मा खेळ म्हणजे माणसं. माणसं निघून गेली, की उरतो तो रिकामा देखावा. आणि निघून गेली नसली, तरी ती इतकी पुढं गेलेली असतात की त्यांची गाठ पडत नाही. म्हणून जुन्या खेळाबद्दल विचारताना लोक ‘चित्रं जुनाट दिसतात का?’ असं विचारतात, तेव्हा मला तो प्रश्न फार दुय्यम वाटतो. डोळ्यांना आठवड्याभरात सवय होते. विचारायचं ते हे, की या खेळातली सुरुवातीची गावं अजून नांदती आहेत का?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चंच बघा. अमेरिकेतल्या ब्लिझार्ड कंपनीचा हा खेळ. २०१० च्या सुमारास त्याचे १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. सुरुवातीला पात्राची सर्वांत वरची पायरी ६० होती. मग दर दोनेक वर्षांनी नवा भाग आला, नवा प्रदेश उघडला, पायऱ्या वाढल्या. वाढत वाढत त्या १२० वर गेल्या. शेवटी कंपनीलाच हे डोईजड झालं असावं, कारण २०२० मध्ये त्यांनी त्या दाबून पुन्हा ६० वर आणल्या आणि नवख्यांसाठी एक वेगळं बेट तयार केलं. तिथं तासाभरात धडे द्यायचे आणि मग जमेल तितक्या लवकर त्याला शेवटच्या प्रदेशात, जिथं बाकीची मंडळी आहेत तिथं पोचवायचं. यात कंपनीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जुन्या ग्राहकांना नवं काही हवं असतं आणि वर्गणी तेच भरतात. पण परिणाम काय झाला? द्रुतगती मार्ग झाल्यावर जुन्या घाटातल्या हॉटेलांचं जे होतं, ते झालं. पाट्या आहेत, टेबलं आहेत, वडे तळणारा कुणी नाही. आणि गाडी सरळ पुढं निघून जाते.

हे खेळणाऱ्यांच्याही ध्यानात आलं होतं. २०१३ मध्ये कंपनीच्या एका जाहीर मेळाव्यात एकानं विचारलं, की आम्हाला मूळचा जुना खेळ परत द्याल का? व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यानं सांगितलं, की तुम्हाला तसं वाटतं, पण खरं तर तो तुम्हाला नको आहे. मग काही हौशी मंडळींनी परवानगीशिवाय जुन्या खेळाची स्वतःची प्रत चालवली. २०१६ मध्ये त्यांना वकिलाची नोटीस गेली आणि ती बंद पडली. त्यावर इतका गदारोळ झाला की कंपनीला विचार करावा लागला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तोच जुना खेळ ‘क्लासिक’ या नावानं अधिकृतपणे सुरू झाला, तेव्हा आत शिरायला तासन् तास रांगा लागल्या. एकूण काय, तर हवा होताच लोकांना.

पण मला आज सविस्तर सांगायचं आहे ते ‘रूनस्केप’बद्दल. एक तर तो फुकट सुरू करता येतो, साध्या फोनवर चालतो, म्हणजे आपल्यातल्या कुणालाही उद्या करून बघता येईल. आणि दुसरं, जुन्या खेळाचं काय होतं आणि काय होऊ शकतं, हे दोन्ही त्याच्या इतिहासात दिसतं.

अँड्र्यू गावर नावाच्या तरुण इंग्रज प्रोग्रामरनं भाऊ पॉल याच्या साथीनं २००१ च्या जानेवारीत हा खेळ इंटरनेटवर टाकला. तो ब्राउझरमध्येच चालायचा. काही उतरवून घ्यावं लागायचं नाही. त्यामुळं शाळेतल्या, वाचनालयातल्या, सायबर कॅफेतल्या संगणकांवर त्याचा प्रसार झपाट्यानं झाला. केंब्रिजची जॅजेक्स कंपनी तो चालवते. मग या खेळातलं सोनं खऱ्या पैशांना विकण्याचा धंदा सुरू झाला. त्यात चोरीची क्रेडिट कार्डं वापरली जातात, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते थांबवण्यासाठी २००७ च्या डिसेंबरात कंपनीनं एक जालीम उपाय केला. खेळाडूंनी एकमेकांना मनासारखं काही देण्या-घेण्यावर बंदी आणली. भेटवस्तू द्यायचीही सोय उरली नाही. ढेकणांसाठी खाट जाळावी तसं झालं. तीन वर्षांनी, २०११ मध्ये सार्वमत घेऊन ती बंदी उठवली. तोवर बरेच जण गेले होते. २०१२ मध्ये लढाईची पद्धतच मुळापासून बदलली, तेव्हा आणखी गेले.

आणि मग २०१३ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. कंपनीला आपल्या साठवणीत ऑगस्ट २००७ मधली खेळाची एक जुनी प्रत मिळाली. हवी का, म्हणून त्यांनी लोकांचं मतदान घेतलं. जवळपास साडेचार लाख मतं पडली. २२ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या नावानं ती जुनी प्रत सुरू झाली, आणि त्या दिवशी सगळ्यांनाच शून्यापासून सुरुवात करावी लागली. दहा वर्षं खेळलेल्यालाही आणि काल ऐकलेल्यालाही. एकदा तरी तिथं खरोखरच नवा गडी, नवं राज्य झालं! नवा ‘रूनस्केप’ही वेगळा चालूच आहे, पण आज जुन्याकडं त्याच्यापेक्षा जास्त माणसं आहेत.

यातला मुद्दा आठवणींचा नाही. गतकाळाच्या ओढीवर खेळ वर्षभर चालतो, बारा वर्षं चालत नाही. तो टिकला याचं एक कारण असं, की त्यात काय बदलायचं हे खेळाडूंच्या मतानं ठरतं. सुरुवातीला कोणत्याही नव्या भरीला ७५ टक्के मतं लागत. २०२२ पासून ती अट ७० टक्क्यांवर आली. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थांच्या सभेत ७५ टक्के लोक जिन्याच्या रंगावर एकमत होत नाहीत, हे ध्यानात घेतलं तर ही अट केवढी कडक होती ते कळेल. त्यामुळं जुन्या मंडळींनी आपल्या सोयीसाठी पायथ्याची गावं ओसाड करणारे बदल सहसा होऊ दिले नाहीत. दुसरं कारण बाजाराचं आहे. या खेळात व्हॅरॉक नावाच्या शहराजवळ मोठी बाजारपेठ आहे. नवख्यानं पहिल्या आठवड्यात खणलेलं लोखंड तिथं ठेवलं, तर ते विकलं जातं, कारण कुठल्यातरी वरच्या पायरीवरच्या लोहाराला ते हवं असतं. भाव पडेल असतो, आणि माणसाऐवजी आपोआप खेळणारे लबाड प्रोग्राम हे काम रात्रंदिवस करतात म्हणून आणखी पडतो, हेही खरं. पण गिऱ्हाईक असतं. तुमच्या कष्टाचं जे काही निघालं, त्याला त्या जगात जागा असते. बहुतेक जुन्या खेळांत नवख्याच्या हातून जे निघतं ते कचरा ठरतं. इथं तसं होत नाही.

ज्यांना बाजारच नको, त्यांच्यासाठी २०१४ मध्ये आणखी एक वाट काढली. ‘आयर्नमॅन’ म्हणतात तिला. हा खेळाडू कुणाकडून काही घेत नाही. घातलेला अंगरखा, खाल्लेला मासा, हातातली तलवार, सगळं स्वतःचंच. उशिरा आल्यामुळं आपण गरीब राहिलो, ही रुखरुख मग उरतच नाही. श्रीमंतांचं धन त्याला दिसतं, पण त्याचा भाव त्याच्या घरापर्यंत येत नाही.

आणि अगदी अलीकडची गोष्ट म्हणजे नौकानयन. या जुन्या प्रतीत २३ कौशल्यं होती. चोविसावं असावं का, कोणतं असावं, यावर वर्षानुवर्षं वाद झाले. २०२३ मध्ये मतदानानं नौकानयन ठरलं आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ते आलं. त्या दिवशी बारा वर्षांचे मुरलेले खेळाडूही होडीत पहिल्या पायरीवर होते, आणि कालचा नवखाही पहिल्याच पायरीवर. बंदरात झालेली गर्दी बघून मला मौज वाटली. इतर तेवीस विद्यांत निष्णात असलेले पंडित वल्हं कसं धरायचं ते एकमेकांना विचारत होते.

मध्यंतरी एका निवृत्त शिक्षकांचा मला फोन आला. त्यांचा मुलगा टोरंटोला असतो. शाळेत असल्यापासून तो हा खेळ खेळतो, आणि त्यावरून घरात पुष्कळ बोलणीही झालेली. आता आठवड्याला व्हिडिओ कॉल होतो, पण जेवलात का आणि तिकडं बर्फ किती, यापलीकडं गाडी सरकत नाही. एकदा मुलगा म्हणाला, ‘बाबा, तुम्हीही या ना खेळायला.’ ते मला विचारत होते, ‘६३ व्या वर्षी हे सुरू करण्यात काही अर्थ आहे का? तो दहा-पंधरा वर्षं पुढं गेलेला. मी म्हणजे त्याच्या पायातलं लोढणंच व्हायचा.’

मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. लढाईच्या खेळांत सोबत करायला बहुधा बरोबरीची पातळी लागते. नवख्याला घेऊन मोठ्या राक्षसापुढं जाता येत नाही. पण ‘रूनस्केप’मध्ये निम्म्याहून अधिक वेळ कष्टाची कामं करण्यात जातो. एकाच किनाऱ्यावर एक जण जाळं टाकून कोळंबी पकडत असेल आणि दुसरा बाजूच्या झाडाचं लाकूड तोडत असेल, तर कोणाची पायरी किती याला काहीही महत्त्व नाही. हात कामात, तोंड मोकळं. आपल्या आजी-पणजी निवडणं-टिपणं करताना बसायच्या, तशी ती बैठक असते. ते सुरू झाले. आमची सकाळ साडेसात म्हणजे हिवाळ्यात तिकडची रात्र नऊ. फोन स्पीकरवर ठेवून दोघं खेळतात. महिन्याभरानं मी विचारलं, काय बोलता? म्हणाले, ‘फारसं काही नाही. पण तो आता फोन ठेवायची घाई करत नाही.’

यावर कुणी म्हणेल, की ही अपवादातली गोष्ट झाली. असेलही. पडद्यावरची सोबत खरी की खोटी, हा वाद मोठा आहे. नॉर्वेतला मॅट्स स्टीन हा तरुण स्नायू क्षीण करणाऱ्या दुर्धर आजारानं २०१४ मध्ये, २५ व्या वर्षी गेला. त्याची बरीचशी वर्षं ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळण्यात गेली होती. मुलगा एकाकी आयुष्य जगला, असं आईवडिलांना वाटत होतं. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी निधनाची बातमी टाकली, आणि देशोदेशींच्या अनोळखी माणसांची पत्रं येऊ लागली. खेळातल्या त्याच्या मंडळातले काही जण अंत्यविधीलाही आले. त्याच्यावरचा माहितीपट २०२४ मध्ये आला. तो बघताना माझ्या मनात आलं, की आपण मुलांना ‘काय करतोयस?’ असं विचारतो, पण ‘कुणाबरोबर?’ असं विचारत नाही.

दुसऱ्या बाजूनंही बोललं पाहिजे. अमेरिकेतल्या पालो आल्टो इथल्या संशोधकांनी २००६ मध्ये याच ‘वॉरक्राफ्ट’च्या खेळाडूंच्या वर्तनाची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांना आढळलं, की लोक पुष्कळ वेळ एकटेच खेळतात, विशेषतः सुरुवातीच्या पायऱ्यांवर. आजूबाजूला माणसं हवीत, पण त्यांच्याशी बोलायलाच हवं असं नाही. मुंबईच्या लोकलनं रोज जाणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. वीस वर्षं त्याच डब्यात, त्याच चेहऱ्यांमध्ये, एक शब्द न बोलता प्रवास होतो, आणि तरी तो डबा रिकामा दिसला तर चुकल्यासारखं होतं. तेव्हा ऑनलाइन खेळ सुरू केला की मित्र आपोआप मिळतील, अशी आशा धरू नका. नवख्यांच्या वस्त्यांमध्ये चार माणसं दिसणं, हीच पुष्कळ वेळा मिळणारी सोबत असते.

आता वेळेचा हिशेब. यात मी जरा कडक आहे. ‘रूनस्केप’मध्ये प्रत्येक कौशल्याच्या ९९ पायऱ्या आहेत. पहिलीवरून दुसरीवर जायला अनुभवाचे ८३ गुण लागतात. ५० व्या पायरीला लाखभर. ९९ व्या पायरीला १ कोटी ३० लाख ३४ हजार ४३१. यात एक मेख आहे. ९२ वी पायरी गाठली म्हणजे वाटतं, आलंच शिखर. प्रत्यक्षात ९२ वर तुम्ही बरोबर अर्ध्यावर असता. शेवटच्या सात पायऱ्यांना आधीच्या एक्याण्णव चढून जाण्याइतकेच गुण लागतात. काही कौशल्यांत या सगळ्याला दोनशे तासही लागतात, आणि अशी कौशल्यं दोन डझन. ज्याला शिखर गाठायचंच आहे, त्यानं हे गणित आधी कागदावर मांडावं आणि मग ठरवावं. अकरावी-बारावीतल्या मुलांनी तर नक्कीच. माझं स्वतःचं मत असं, की या खेळाची गोडी पन्नासाव्या पायरीच्या अलीकडं आहे. तिथवर दर अर्ध्या तासाला काहीतरी नवं हाती येतं. पुढं तो हळूहळू नोकरीसारखा होत जातो. काहींना नोकरीही आवडते, त्यांना माझा आक्षेप नाही. आणि काहींसाठी तर ती खरीच नोकरी झाली होती. व्हेनेझुएलातल्या आर्थिक संकटाच्या काळात तिथले कित्येक तरुण यातलं सोनं मिळवून, नियमाविरुद्ध, डॉलरांना विकून घर चालवत होते.

पैशांबद्दल थोडंसं. २०१५ पासून या खेळाचा बराच भाग विनामूल्य आहे. बाकीच्यासाठी मासिक वर्गणी आहे, आणि डॉलरचा भाव बघता ती आपल्याला हलकी नाही. महिनाभर फुकटात खेळल्याशिवाय ती भरू नये. हा पैसे लावून पैसे जिंकण्याचा खेळ नव्हे. तसल्या खेळांवर आपल्या संसदेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला, ते प्रकरण वेगळं. मात्र जुगार इथंही शिरला होता. खेळातलं सोनं पणाला लावून झुंजायचं एक मैदान होतं, त्यात काहींची वाताहत झाली, आणि २०२२ मध्ये कंपनीनं ते मैदानच काढून टाकलं. अजूनही बाजारपेठेत ‘मला सोनं द्या, दामदुप्पट करून देतो’ असं ओरडणारे भेटतील. दामदुप्पट म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या माणसाला मी वेगळं सांगायची गरज नाही.

तांत्रिक बाबतीत एकच गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या सोयीची आहे. ज्या खेळांत क्षणार्धात बटण दाबायचं असतं, तिथं सर्व्हर सातासमुद्रापार असला की आपला नेम चुकतो. ‘रूनस्केप’चं घड्याळ संथ आहे. ते ०.६ सेकंदाला एकदा पडतं. तेवढ्यात आपला संदेश लंडनला जाऊन परतही येतो. म्हातारपणी बोटं जराशी सावकाश चालतात, त्यांनाही ते पुरतं. फोनवर तो २०१८ पासून मिळतो.

आणि ज्याचा विचार सुरू करण्याआधीच करायला हवा, ती गोष्ट म्हणजे शेवट. हे जग तुमच्या मालकीचं नाही. कंपनीनं एक दिवस वीज बंद केली की संपलं. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ २०११ च्या डिसेंबरात असा बंद झाला. ‘सिटी ऑफ हीरोज’ २०१२ च्या नोव्हेंबरात. हा दुसरा चाहत्यांनी चालवत ठेवला आणि २०२४ मध्ये त्यांना चक्क मालक कंपनीचा रीतसर परवानाही मिळाला, पण अशी उदाहरणं विरळा. विकत घेतलेला खेळ कंपनीनं असा निकामी करू नये, म्हणून युरोपात एक मोहीम चालली आणि तिला दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. जुन्या खेळाला याचा धोका नव्यापेक्षा जास्त असतो, असं सगळे समजतात. मला उलट वाटतं. पंचवीस वर्षं ज्यानं काढली, त्याचा खर्च केव्हाच भरून आलेला असतो आणि वर्गणीदार घरच्यासारखे झालेले असतात. गाजावाजा करून आलेले नवे खेळ दोन-तीन वर्षांत मिटताना आपण पाहतोच.

तेव्हा माझं उत्तर खेळागणिक वेगळं आहे. ‘एव्हरक्वेस्ट’ सुरू करायचा तर ओळखीचं कुणीतरी आत असल्याशिवाय जाऊ नका. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये उतरायचं असेल, तर आताचा नव्हे, ‘क्लासिक’ घ्या, आणि नवा सर्व्हर उघडेल तेव्हा पहिल्या आठवड्यातच जा, म्हणजे पायथ्याशी गर्दी सापडेल. आणि ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ कुणीही, केव्हाही सुरू करावा. आज उतरलात तर कालचे नवखे शेजारी भेटतीलच.

तिथं गेल्यावर आधी एका बेटावर शिकवणी होते. ती संपली की तुम्ही लंब्रिज नावाच्या गावात किल्ल्यापाशी पोचता. किल्ल्याच्या स्वयंपाकघरात एक आचारी हवालदिल होऊन उभा असतो. सरदारसाहेबांचा वाढदिवस आहे, केक करायचा आहे आणि तो सामान आणायला विसरला आहे. त्याला एक अंडं, बादलीभर दूध आणि पीठ आणून द्यायचं. अंडं कोंबड्यांच्या खुराड्यापाशी मिळेल, दूध गाईचं काढावं लागेल. पिठासाठी शेतातून गहू खुडायचा, पवनचक्कीच्या अगदी वरच्या मजल्यावर जाऊन तो वरून ओतायचा, दांडा ओढायचा आणि खाली येऊन पीठ भरून घ्यायचं. जाताना एक रिकामं भांडं बरोबर असू द्या. पुष्कळ जण ते नेत नाहीत, आणि मग पीठ चक्कीत ठेवून भांड्यासाठी पुन्हा किल्ल्यापर्यंत हेलपाटा पडतो.